खालचा उजवा कोपरा

कोपरखैरणे, सेक्टर पंधरा, जिन्याखालचं दुकान.
शटर अर्धंच वर,
पूर्ण वर गेलं की ते खाली यायला तयार नसतं.
हसुराम मढवी स्टुलावर, मांडीवर रिकामी बॅग.
टेबलावर त्यांचा लॅपटॉप,
काल मी त्यात नवी डिस्क बसवली,
रात्री विंडोज टाकलं,
आणि आज पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात
एक फिकट वाक्य :
विंडोज सक्रिय करा.
पाहुण्याला चपला काढायला सांगावं
आणि आत या म्हणूच नये, तसं.

‘काय बोलतंय?’
‘ओळखत नाही म्हणतंय.’
‘कोनाला? माना?’
‘तुम्हाला नाही काका, मशीनला.’

मग माझं नेहमीचं सुरू.
तारीख बघितली, वेळ बघितली.
मोबाइलचं नेट जोडलं, तोडलं, जोडलं.
ट्रबलशूट दाबलं,
पाच ठिपके गोल फिरले आणि दमून बसले.
लॅपटॉप पालथा घातला :
स्टिकर आहे, चमकतंय,
पण किल्ली म्हणून त्यावर एक अक्षर नाही.
ईमेलचा पासवर्ड?
‘पुतन्यानं टाकलेला. तो आता मस्कतला.’

शेवटी फोन लावला.
पलीकडची बाई रेकॉर्ड केलेली,
तिला घाई नव्हती.
पडद्यावर आकड्यांचे नऊ गट, प्रत्येकात सात.
मी दाबत होते, हसुराम वाचत होते,
एकेक आकडा सुटा, थोडा थांबून,
सर्व्हे नंबर वाचत आयुष्य गेलेल्या माणसासारखे.
त्रेसष्टाव्या आकड्यानंतर बाई म्हणाली,
क्षमस्व.

‘आमच्या वक्ताला पन असाच,’ ते म्हणाले.
‘एका कागदावर मढवी, दुसऱ्यावर मडवी.
साहेब बोलला, दोघं वेगले.
मी बोललो, दोघं मीच.
तो बोलला, दाखला आना.’
त्या लॅपटॉपवर आता ते
इतरांचे दाखल्यांचे अर्ज भरतात.
जुन्या डिस्कमधून मी काढलेल्या फायलींत
एकीचं नाव होतं ‘वारस नवीन शेवटची’,
तिच्याखाली ‘वारस नवीन शेवटची २’.

मग मी काळी खिडकी उघडली,
एक ओळ टाइप केली.
बोर्डाने आपल्या पोटातली किल्ली काढून दाखवली,
पंचवीस अक्षरं, पाचाचे पाच गट.
डिस्क बदलली, सगळं पुसलं, तरी ती तिथंच होती,
कारखान्यातून निघाल्यापासून.
आणि शेजारी एक शब्द : होम.
मी टाकलं होतं प्रो.
पेन ड्राइव्हवर प्रो होतं
आणि माझा हात सवयीचा.

गप्प राहून दुरुस्त करता आलं असतं.
त्यांना कळलंही नसतं.
पण मघाशी ते त्रेसष्ट आकडे वाचत होते.

‘काका, चूक माझी. तुमचं होम आहे,
मी त्याहून मोठं टाकलं. म्हणून अडलं.’
‘होम म्हंजे?’
‘घर.’
ते जरा वेळ शटरखालून दिसणाऱ्या
येणाऱ्या-जाणाऱ्या पायांकडे बघत बसले.
‘मंग घरच दे ना पोरी.
मोठा देतो बोलनारे
लय बघितले.’

पुन्हा सगळं पुसलं.
पन्नास मिनिटं. दोन कटिंग, एक खारी, तीही अर्धी अर्धी.
नेट जोडलं.
टुंग नाही, अभिनंदन नाही,
कोपरा नुसता रिकामा झाला.
हसुराम चष्मा कपाळावर घेऊन
त्या रिकाम्या जागेला बोट लावून आले.
‘वलखलान?’
‘ओळखलं.’
‘माझ्याकरं तर काय बी मांगलान नाय.’

दुसऱ्यांदा टाकण्याचे पैसे मी घेतले नाहीत.
त्यांनी ते कीबोर्डखाली सरकवले,
मला संध्याकाळी सापडले,
दोन नोटा, एक फाटकी, नीट चिकटवलेली.

पेन ड्राइव्हवर पांढरी पट्टी लावली.
स्केचपेनने आधी लिहिलं ‘प्रो’,
मग खाली, उरलेल्या जागेत, बारीक :
आधी विचार.